उजेड आधी, सजावट नंतर

मुंबईतल्या ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला, महर्षी कर्वे रस्त्यालगत, पाच-सहा मजली इमारतींची एक सलग ओळ उभी आहे. तिचं तोंड पूर्वेला. सकाळचं ऊन राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाच्या मागून येतं, मैदान ओलांडतं आणि या इमारतींच्या वळणदार बाल्कन्यांत शिरतं. तिथून चालत दहा मिनिटांवर मरीन ड्राइव्ह. तिथली घरं पश्चिमेकडे बघतात. त्यांच्या वाट्याला दुपारनंतरचं तिरपं ऊन आणि पाण्यावरून उसळून छतावर हलणारा उजेड. दोन्हीकडच्या इमारती साधारण एकाच काळातल्या आणि एकाच घराण्यातल्या. तरीही ओव्हलच्या बैठकीत वर्षानुवर्षं टिकणारा पडदा मरीन ड्राइव्हवर दोन-तीन उन्हाळ्यांत विटतो, आणि तिथे डोळ्यांना निववणारा भिंतीचा रंग इथे सकाळी दहानंतर मळकट दिसू लागतो.

जुन्या इमारतीतलं उजेडाचं घर कसं सजवावं, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही ते यामुळे. तरी उत्तरं देणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. पॅरिसमधली उंच छताची घरं, न्यूयॉर्कमधले जुन्या गोदामांचे फ्लॅट, लंडनच्या जॉर्जियन इमारती यांची देखणी चित्रं त्यांत असतात आणि सल्लाही बहुधा एकच असतो: भिंती पांढऱ्या करा, पडदे काढा, उजेड आत येऊ द्या. ज्या देशांत वर्षातले सहा महिने सूर्य रुसलेला असतो, तिथे तो सल्ला रास्तच आहे. एकोणीस अंश अक्षांशावरच्या, चार महिने पावसात आणि तीन महिने उन्हात काढणाऱ्या शहराला तो जशाचा तसा लागू करणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्यातून वाचण्यासारखं आहे.

हे पुस्तक मुंबईच्या आर्ट डेको फ्लॅटांविषयी आहे. १९३० ते १९५० या दोन दशकांत उभ्या राहिलेल्या, आज ऐंशी-नव्वद वर्षांच्या झालेल्या घरांविषयी. ही घरं केवळ फोर्टात नाहीत. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलखेरीज दादरची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी, माटुंगा, शिवाजी पार्क, मोहम्मद अली रोड, वांद्र्याचे काही रस्ते अशी ती पसरलेली आहेत. त्यांतल्या अनेकांत राहणाऱ्यांनाही आपण एका जगप्रसिद्ध शैलीच्या घरात राहतो याचा पत्ता नसतो. त्यांना ते 'आमचं जुनं घर' असतं, आणि जुनं म्हणजे दुरुस्तीला आलेलं.

या घरांतल्या उजेडाचा उगम एका रोगाच्या साथीत आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्या काही महिन्यांत शहर रिकामं होऊ लागलं. मांडवी, भुलेश्वर, नळबाजार इथल्या दाट वस्तीत दिवसाही दिवा लावावा लागेल अशा खोल्या होत्या, आणि रोगाचं घर त्याच काळोखात आहे अशी सरकारची समजूत झाली. पिसवा आणि उंदरांचं शास्त्र त्या वेळी पुरतं हाती आलेलं नव्हतं. पण चुकीच्या निदानातूनही कधी कधी बरा इलाज निघतो. १८९८ मध्ये कायद्याने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्ती भेदून समुद्राचा वारा आत आणणारे रस्ते काढायचे आणि उत्तरेला मोकळ्या जागेत नव्या वसाहती आखायच्या, हे तिचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्या पहिल्या कामातले. दादर-माटुंग्याची आखणी दुसऱ्यातली.

या ट्रस्टचे एक प्रमुख अधिकारी जेम्स ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतल्या उजेड-हवेवर एक व्याख्यान दिलं. त्यांचा ध्यास एका कोनाचा होता: साडेत्रेसष्ट अंश. खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली तर तिने जमिनीशी याहून मोठा कोन करता कामा नये. सोप्या हिशेबात, समोरची भिंत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये सुटली पाहिजे. एवढा एक आकडा पाळला की तळमजल्याच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा मिळतो. ज्या काळात इमारतींमधल्या घरगल्ल्या हातभर रुंद असत, त्या काळात ही मागणी जमीनमालकांना उधळपट्टी वाटली असणार. आज माटुंग्याच्या पाच उद्यानांच्या आसपास फिरताना दोन इमारतींच्या मधून झाड वाढलेलं दिसतं, तेव्हा त्या उधळपट्टीचा वारसा आपल्याला मिळालेला असतो. ही घरं उजेडाची आहेत कारण तो उजेड कोणीतरी मोजून, भांडून, नियमात बसवून ठेवला आहे. सजावटीची चर्चा मी त्याच्यापासून सुरू करतो आणि या पुस्तकाचा आग्रहही तिथूनच येतो: आधी उजेड सांभाळा, मग खुर्च्या निवडा.

नियम तयार होता. त्याला साजेशी इमारत यायला आणखी वीस-पंचवीस वर्षं गेली. १९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत बॅकबेत भराव टाकण्याची प्रचंड योजना निघाली, खर्च हाताबाहेर गेला, आणि के. एफ. नरिमन यांनी तिच्यातला गैरकारभार चव्हाट्यावर आणला. योजना अर्ध्याहून कमी राहिली, पण जी जमीन समुद्रातून वर आली तिच्यावर नवं शहर बांधायची सोय झाली. कुलाब्यापर्यंत जाणारी रेल्वे १९३० च्या अखेरीस चर्चगेटलाच थांबली आणि तिथली जागाही मोकळी झाली. नेमकं याच सुमाराला सिमेंट-काँक्रीट मुंबईकर कंत्राटदारांच्या हातात रुळलं होतं. जाड दगडी भिंतींवर उभ्या असलेल्या घरात मोठी खिडकी काढणं महागाचं काम. काँक्रीटच्या सांगाड्यात भिंतीवर भार नसल्यामुळे कोपरासुद्धा काचेचा करता येतो, बाल्कनी खांबाशिवाय बाहेर झेपावते. पॅरिसच्या १९२५ च्या सजावट-कलांच्या प्रदर्शनातून जगभर गेलेली आर्ट डेको शैली मुंबईत आली ती या सामग्रीच्या खांद्यावर बसून.

आणि ती आणली इथल्याच माणसांनी. गजानन बाबुराव म्हात्रे हे नाव मराठी वाचकाला जेवढं ठाऊक असायला हवं त्याच्या शतांशानेही नाही. जे. जे. मध्ये शिकून, लंडनला जाऊन परतलेल्या या वास्तुकाराने मरीन ड्राइव्हवरचं सूना महल, ओव्हलवरचं एम्प्रेस कोर्ट आणि दादर-माटुंग्यातल्या कितीतरी साध्या निवासी इमारती बांधल्या. त्यांच्या दर्शनी नक्षीचं कौतुक पुष्कळ होतं. मला त्यांचे नकाशे अधिक मोलाचे वाटतात. खोलीचं दार उघडल्यावर समोर खिडकी दिसेल, वारा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघेल, मोरी आणि संडास बाहेरच्या भिंतीला लागून असतील: हे सगळं त्यांनी मध्यमवर्गीय क्षेत्रफळात बसवलं. वास्तुकार कमू अय्यर यांनी म्हात्र्यांच्या कामावर २००० साली इंग्रजीत पुस्तक काढलं. त्याच्या तोडीचं मराठीत काही नाही, याची खंत वाटते.

नव्या ब्लॉकात राहायला आलेल्या कुटुंबांसमोर प्रश्न पडला तो आतलं घर लावण्याचा. वाड्यातून किंवा चाळीतून आलेल्या माणसाला बसण्याची, निजण्याची, जेवण्याची खोली वेगवेगळी असते हेच नवं होतं. वाड्यात उजेड चौकातून, वरून येई. ओसरी उजळ आणि माजघर अंधारं, आणि तो अंधार उन्हाळ्यात हवासाही वाटे. चाळीत तो सामाईक गॅलरीतून, शेजाऱ्यांच्या वर्दळीतून गाळून येई. ब्लॉकात मात्र खिडकी सरळ बाहेर उघडत होती. तिच्यासमोर काय मांडायचं? अनेकांनी जुन्या घरातली शिसवी, कोरीव, काळीशार कपाटं आणली आणि ती खोली गिळून बसली. म्हणून १९३७ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' प्रदर्शन भरवलं, त्याला महत्त्व आहे. नमुन्यादाखल सजवलेल्या खोल्या लोकांनी तिथे पाहिल्या: ठेंगणं फर्निचर, गोलावलेले कोपरे, विजेचे दिवे, सुटसुटीत स्वयंपाकघर. मुंबईत घरसजावट हा राजेरजवाड्यांच्या पलीकडचा, मध्यमवर्गाचा विषय झाला त्या टप्प्यावरचं हे प्रदर्शन.

राजेरजवाड्यांचं उदाहरण दिलंच पाहिजे, कारण ते आपल्याच माणसाचं आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी एकार्ट मुथेसिउस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून माणिकबाग बांधून घेतली. आयलीन ग्रे, रूलमान, कॉर्ब्युझिए यांची तेव्हा अगदी ताजी असलेली कामं त्या घरात होती. त्यातला बराच ऐवज १९८० साली मोनाकोत लिलावात गेला आणि आज तो जगभरच्या संग्रहांत विखुरला आहे. माणिकबाग थक्क करते, पण तिच्यात शिकण्यासारखं फारसं नाही, कारण तिथे पैशाची मर्यादा नव्हती. शिवाजी पार्कच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या हेडमास्तरांनी सुताराला परदेशी मासिकातलं चित्र दाखवून सागाच्या फळीतून जे टीपॉय करून घेतलं, ज्याची एक बाजू गोल आली आणि दुसरी जमलीच नाही, त्यात या शहराची खरी शैली आहे. अशा वस्तू आजही मटण स्ट्रीटवर आणि ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात सापडतात. विकणारा त्यांना सरसकट 'अँटिक' म्हणतो आणि आपण घासाघीस करतो.

स्वातंत्र्यानंतर या घरांचं नशीब एका कायद्याने ठरवलं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला घर सोडवेना. जिने काळवंडले, सळया गंजल्या, छज्जे ढासळले, आणि १९६९ मध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ काढण्याची वेळ आली. या कायद्याला शिव्या देणं सोपं आहे. पण ज्याच्यावर कोणाला पैसे घालावेसे वाटत नव्हते ते बदललंही गेलं नाही. मूळची सागवानी खिडकी, पितळी कडी, दारावरची रंगीत काच, मोझॅकची फरशी पन्नास वर्षं शाबूत राहिली ती हलाखीमुळे. भाडेकायद्याने ही घरं मोडकळीला आणली आणि त्यांचं अंतरंग वाचवलं, दोन्ही एकाच वेळी.

पैसा १९९० नंतर आला आणि सजावटीचे पंथही तेव्हाच ठळक झाले. ढोबळमानाने चार दिसतात.

पहिला मूळ रूप परत आणणाऱ्यांचा. त्यांना १९३७ सालची खोली हवी असते: त्याच घाटाची खुर्ची, तोच काळा बेकलाइटचा स्विच, त्याच छटेचा पिस्ता रंग. यांचा अभ्यास दांडगा आणि त्यांच्यामुळे कितीतरी खिडक्या वाचल्या, हे मान्यच. अडचण अशी की तशी शुद्ध खोली मुंबईत क्वचितच होती. डेको बैठकीच्या कोपऱ्यात देव्हारा होता, भिंतीवर रविवर्म्याची ओलिओग्राफ चित्रं होती, बाल्कनीत तुळस होती आणि पापड वाळत होते. भूतकाळाला त्याच्यापेक्षा जास्त टापटिपीचं करणं हीही एक प्रकारची खाडाखोडच. युरोपात एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्यूक आणि रस्किन यांच्या विचारांत हाच झगडा होता: जुनी इमारत पुरी करून दाखवायची की तिचं जीर्णत्व जपायचं. तो मिटलेला नाही.

दुसरा पंथ पांढऱ्या भिंतींचा. याच्या मुळाशी अडॉल्फ लोसची अलंकारविरोधी भूमिका आणि कॉर्ब्युझिएचा काळ आहे. मुंबईत तो आला मात्र मासिकांतून आणि हॉटेलांतून. मोकळी खोली, एक लांब सोफा, एक चित्र. डेको घराचा सांगाडा त्यात देखणा दिसतो हे खरं. पण उन्हाळ्यातल्या दुपारी पांढरी भिंत, पांढरी व्हिट्रिफाइड फरशी आणि समुद्र एकत्र आले की डोळे मिटून बसावं लागतं. शिवाय या पंथाची माणसं मोझॅकची फरशी 'डाग पडलेली' म्हणून झाकून टाकतात. तेवढ्या एका कारणासाठी मला त्यांचा राग येतो.

तिसरा संग्राहकांचा. इटालियन समीक्षक मारिओ प्राझ यांनी रोमच्या जुन्या प्रासादातल्या आपल्या घरातल्या वस्तूंवरून फिरत फिरत १९५८ साली एक आत्मचरित्रच लिहिलं. या पंथाचा तो आद्यग्रंथ म्हणावा. आपल्याकडे याचं रूप म्हणजे चोरबाजारातला ग्रामोफोन, कोकणातलं घंगाळ, गोव्याचा पेटारा आणि राजस्थानातला दरवाजा एका खोलीत. नजर असेल तर घर बोलतं, नसेल तर दुकान होतं. आंघोळीच्या घंगाळात मनीप्लांट लावण्याची फॅशन कधी ओसरेल याची मी वाट पाहतो आहे.

चौथ्याला पंथ म्हणावं की नाही, शंका आहे. ही तीन पिढ्या नांदलेली घरं. तिथे कोणी काही 'सजवलेलं' नसतं. आजोबांची वेताची आरामखुर्ची, आईच्या लग्नातलं गोदरेजचं कपाट, मुलाचं संगणकाचं टेबल, मधल्या काळातला एखादा सनमायकाचा अपघात. कुठल्याही मासिकात ही घरं येत नाहीत. त्यांच्यातच मला जास्त शहाणपण दिसलं आहे, कारण खुर्ची कुठे ठेवली की संध्याकाळी वाचता येतं आणि कुठल्या भिंतीवर जुलैत बुरशी चढते हे तिथे माणसांनी राहून शोधलेलं असतं. त्यांचा दोष एकच, पण मोठा: सामान. दारावरच्या झडपांसमोर पोटमाळा काढतात, बाल्कनी खोलीत घेतात, बॉक्स ग्रिलमध्ये ट्रंका रचतात, आणि साडेत्रेसष्ट अंशांनी मिळवलेला उजेड गाद्या-गिरद्यांच्या गाठोड्याआड जातो.

पुस्तकाचा कल या चौथ्या घरांकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

उजेडाविषयी थोडं तांत्रिक इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे सगळीकडे ते गृहीत धरलं आहे. मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो. मधल्या आठवड्यांत तो किंचित उत्तरेकडे झुकतो. डिसेंबरात तो दुपारीसुद्धा साधारण ४७-४८ अंशांपर्यंतच चढतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत लांबवर येतं आणि ते तेव्हा हवंही असतं. डेको इमारतींच्या खिडक्यांवरून पट्टीसारखा जो आडवा छज्जा धावतो, तो डोक्यावरचं ऊन आणि सरळ पाऊस अडवतो. पश्चिमेचं उतरतं ऊन त्याच्या खालून शिरतं. त्याला झिलमिलीची दारं, चिकाचा पडदा किंवा अस्तर लावलेला सुती पडदाच हवा. म्हणून मरीन ड्राइव्हवरच्या घरात जलरंगातलं चित्र किंवा जुनी पैठणी आतल्या भिंतीवर लावावी, समुद्रासमोर नाही. मूळची खिडकी दोन भागांची असते: खालची झडप बाहेर पाहायला, वरची लहान झडप तापलेली हवा बाहेर सोडायला. तिच्या जागी अॅल्युमिनियमची सरकती खिडकी आली की एका वेळी निम्मीच उघडते आणि वरची वाट बंद होते. मग पंखा पुरेनासा होतो, एसी बसतो, एसीसाठी फॉल्स सीलिंग येतं, आणि दहा-अकरा फुटांचं छत साडेआठ फुटांवर उतरतं. एका खिडकीने सुरू झालेली ही घसरण मी इतक्या घरांत पाहिली आहे की तिला मुंबईच्या घरसजावटीचा राजमार्ग म्हणावं.

फरशीचंही तसंच. जागेवर ओतलेलं मोझॅक म्हणजे सिमेंटात संगमरवराच्या चिपा, मध्ये पितळेच्या किंवा काचेच्या पट्ट्या, आणि वर घासून आणलेली झिलई. १९२२ पासून भारत टाइल्ससारख्या स्वदेशी कारखान्यांनी नक्षीच्या सिमेंट टाइलही इथे करायला घेतल्या, त्याआधी असला माल विलायतेहून यायचा. या फरश्या उजेड परतवतात पण चमकून डोळ्यांत खुपत नाहीत. पुन्हा घासून घेतल्या तर बहुतेक जुन्या मोझॅकचा मूळ रंग वर येतो. फोडण्याआधी एका कोपऱ्यात हातभर जागा घासून बघावी, एवढंच माझं मागणं.

भिंतीला चुन्याचा गिलावा असेल तर तिच्यावर प्लास्टिक पेंट चढवल्यावर ओल आत कोंडते आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर पोपडे सुटतात. बाल्कनीच्या बाबतीत सौंदर्यापेक्षा सुरक्षितता आधी. ती भिंतीतून बाहेर झेपावलेली काँक्रीटची पाटी आहे, खाऱ्या हवेत आतल्या सळया गंजलेल्या असू शकतात, आणि तिच्यावर मार्बल, मातीचे वाफे आणि काचेच्या भिंती चढवणं धोक्याचं. स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलावल्याशिवाय तिला हात लावू नये.

पणजीच्या फोंतैन्यश आणि आसपासच्या घरांचा विचार इथे फार थोडा आला आहे. तिथे जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदानं असत. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा, सावली न पाडणारा. तो विषय स्वतंत्र पुस्तकाचा आहे आणि ते गोव्यातल्याच कोणी लिहावं.

हे सगळं आत्ताच का? ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशात स्थान दिलं. त्या यादीत ९४ इमारती आहेत. ओव्हल आणि मरीन ड्राइव्हच्या बाहेरची, दादर-माटुंगा-शिवाजी पार्कची घरं तिच्यात नाहीत. त्यांतल्या बऱ्याच इमारती १९४० पूर्वीच्या, उपकरप्राप्त, आणि विकास नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली पुनर्विकासाला पात्र. तीन मजल्यांच्या जागी तिथे वीस-बावीस मजले येतात. राहणाऱ्यांना दोष देता येत नाही: गळकं छत, लिफ्ट नाही, गुडघे दुखतात, आणि बिल्डर वाढीव क्षेत्रफळ देतो. पण नव्या टॉवरमधलं मोकळं अंतर मोजून पाहिलं तर ऑरसाहेबांचा हिशेब केव्हाच मोडीत निघालेला दिसतो. जिथे इमारत वाचवणं शक्य आहे तिथे तिच्यात सुखाने राहता येतं हे दाखवणं, ही वाचवण्याची पहिली पायरी. दर्शनी भागावर वारसा समितीचं लक्ष असतं. आतली खिडकी, फरशी आणि दाराची मूठ सर्वस्वी राहणाऱ्याच्या मर्जीवर.

म्हणून पुस्तकाची मांडणी खोल्यांप्रमाणे नाही, दिशांप्रमाणे आहे. पूर्वेची घरं, पश्चिमेची घरं, चौकाकडे तोंड असलेली मागची घरं, आणि तळमजल्याची, ज्यांच्याकडे सजावटीच्या पुस्तकांनी आजवर पाठच फिरवली. प्रत्येक ठिकाणी काय काढलं, काय ठेवलं आणि काय बिघडलं हे सांगितलं आहे. बिघडलेलं वगळलं असतं तर पुस्तक निम्मं झालं असतं. ज्यांनी दारं उघडली त्यांची नावं आणि मजले त्यांच्या विनंतीवरून दिलेले नाहीत. किमतीही दिलेल्या नाहीत. छापून होईपर्यंत त्या जुन्या होतात. फर्निचर कुठलं घ्यावं याची यादी शोधणाऱ्याची निराशा होईल. सुतार, पॉलिशवाले, वेत विणणारे आणि मोझॅक घासणारे यांच्याशी झालेलं बोलणं मात्र भरपूर आहे, कारण त्यांचे हात थांबले की बाकीची चर्चा पुस्तकी उरते. त्यांतल्या बहुतेकांची मुलं आता या धंद्यात नाहीत.

वाचकांकडे दोन मागण्या आहेत. नव्याने जुनं घर घेतलं असेल तर एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यात आहे तसं राहून बघा, मग मिस्त्रीला बोलवा. आणि काही काढावंच लागलं, तर मूळची खिडकी, बिजागऱ्या, कड्या, रंगीत काच भंगारात देण्याआधी जिन्यात एक चिठ्ठी लावा. वरच्या मजल्यावर कोणीतरी बहुधा नेमकी तीच कडी शोधत असतं.